लो-कार्ब सुरू करताय? दूध, पनीर आणि मिठाच्या या चुका टाळा

ठाण्या-नवी मुंबईत लो-कार्ब (कार्ब म्हणजे पिष्ट आणि साखर, ती कमी असलेला आहार) सुरू करणाऱ्या बहुतेक घरांत पहिल्या दिवशी पोळी-भात बंद होतो आणि फ्रीज पनीर, चीज, दह्याने भरतो. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं, ऐरोलीच्या ऑफिसात खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पाचव्या दिवशी पोट साफ होत नाही. मग 'हा आहार आपल्याला मानवत नाही' म्हणून सगळं सोडलं जातं. खरं तर तीनच गोष्टी राहून गेलेल्या असतात: दुधातली साखर मोजलेली नसते, मीठ कमी पडलेलं असतं आणि फायबर ताटातून गेलेलं असतं.

डायबिटीस किंवा बीपीची गोळी चालू असेल तर आधी हे वाचा

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या पोळी-भाताच्या हिशोबाने दिलेल्या असतात. कार्ब एकदम कमी केले आणि डोस तोच ठेवला, तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी लो-कार्ब बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा शुगर तपासायची.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. त्यांच्यासोबत कडक लो-कार्ब केलं, तर मीटरवर शुगर फारशी वाढलेली न दिसताही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) धोकादायक पातळीला जाऊ शकतात. सतत उलट्या, पोटात दुखणं, दम लागणं असं काही झालं तर घरी वाट बघू नका, १०८ ला फोन करा. बीपीच्या गोळ्यांचाही डोस कमी करावा लागू शकतो. म्हणून डॉक्टरांशी बोलणं सुरुवात करण्यापूर्वी व्हायला हवं. टाइप १ डायबिटीस, गरोदरपण, स्तनपान, मूत्रपिंडाचा आजार यांत हा प्रयोग स्वतःच्या मनाने अजिबात नको.

दुधाची पिशवी बदलून कार्ब कमी होत नाहीत

टोन्ड दुधात ३ टक्के फॅट, डबल टोन्डमध्ये दीड, फुल क्रीममध्ये ६. पण १०० मिलि दुधातली लॅक्टोज ही साखर सगळीकडे ५ ग्रॅमच्या आसपासच राहते, मग दूध गाईचं असो वा म्हशीचं. फॅट काढल्याने कॅलरी घटतात, साखर जागेवरच असते.

चहाचा हिशोब करून बघा. एका कपात १०० मिलि दूध आणि दोन चमचे साखर म्हणजे साधारण १३ ग्रॅम कार्ब. असे चार कप म्हणजे ५० च्या पुढे. साखर सोडली तरी चार कपांतल्या दुधाचे २० ग्रॅम उरतात, आणि कडक कीटो (कार्ब जवळपास बंद करणारा आहार) करणाऱ्याचा दिवसभराचा कोटा बऱ्याचदा तेवढाच असतो. रोज ८०-१०० ग्रॅमचं साधं लो-कार्ब करत असाल, तर दोन कप बिनसाखरेचा चहा खुशाल घ्या. कीटो असेल तर कोरा चहा, वर चमचाभर साय. ऑफिसच्या मशीनमधला चहा टाळा, कारण त्या पावडरीत बहुधा साखर किंवा ग्लुकोज सिरप असतं.

दही घरी विरजलेलं बरं. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग खाऊन टाकतात, म्हणून दही दुधापेक्षा थोडं हलकं पडतं. त्याहून चांगला चक्का. फडक्यात सहा-आठ तास टांगला की पाण्याबरोबर लॅक्टोजही निथळतं आणि तेवढ्याच वजनात प्रथिनं दुपटीच्या जवळ जातात. त्यात काकडी, मिरची, जिरं घालून कोशिंबीर करा. श्रीखंड, पियुष, फळांच्या चवीचं दही यांत साखर घातलेलीच असते. खवाही फसवतो: दूध आटवल्यावर साखर उडून जात नाही, ती दाट होते.

आणखी एक चूक चांगल्या हेतूने होते. घरी पनीर केल्यावर उरलेलं पाणी पौष्टिक म्हणून पिऊन टाकतात. दुधातलं बहुतेक लॅक्टोज त्याच पाण्यात उतरलेलं असतं, ग्लासभर प्यायलात तर ९-१० ग्रॅम. घरातल्या इतरांच्या पोळ्यांची कणीक त्यात भिजवा.

पनीर घेताना

लिटरभर फुल क्रीम दुधातून साधारण २०० ग्रॅम पनीर निघतं. बाजारातला भाव या हिशोबात बसतच नसेल, तर संशय घ्यावा. दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल वापरून केलेलं 'अ‍ॅनालॉग' पनीरही विकलं जातं. पाकिटावर तसं लिहिणं बंधनकारक आहे, पण सुट्या विक्रीत ते कळत नाही. डेअरीत सरळ विचारा: "दादा, हे दुधाचंच आहे ना?" घरी तुकडा पाण्यात उकळून, गार करून त्यावर टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर स्टार्च मिसळलेला आहे. तेल मात्र या चाचणीत सापडत नाही. तपासलेला तुकडा टाकून द्या.

चीजचं पाकीट उलटून बघा. घटकांत दुधाच्या आधी तेल, स्टार्च किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर परत ठेवा. तूप आणि लोणी यांत कार्ब जवळपास नसतातच.

डोकेदुखी आणि चक्कर: आधी मीठ बघा

कार्ब कमी झाले की इन्सुलिन उतरतं, आणि मूत्रपिंडं सोडियम अडवून ठेवायचं सोडून बाहेर टाकायला लागतात. त्याच्यामागून पाणीही जातं. यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) आपल्यासोबत तिप्पट-चौपट पाणी धरून असतं, तेही सुटतं. पहिल्या आठवड्यात काट्यावर कमी झालेले एक-दोन किलो मुख्यतः हेच पाणी असतं. त्यात पाव, खारी, फरसाण, पापड, लोणचं बंद केल्याने रोजचं मीठही नकळत घटलेलं असतं. वर मे महिन्यात ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत निघणारा घाम. फक्त साधं पाणी ढोसत राहिलं, तर उरलेलं मीठ आणखी पातळ होतं.

बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल, तर पहिले आठ-दहा दिवस रोज दोन ग्लास ताक घ्या. एका ग्लासाला तीन मोठे चमचे दही, बाकी पाणी, पाव चमचा मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. एक सकाळी अकराच्या सुमारास, दुसरा घरी परतल्यावर. मिठाची कमतरता असेल तर तासाभरात बऱ्याचदा फरक जाणवतो. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, त्याचा वेगळा फायदा धरू नका. 'लो सोडियम' मीठ मात्र इथे उलटं काम करतं. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना किंवा बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकतं.

ताकाऐवजी ओआरएस किंवा शहाळं घ्यायचं मनात असेल तर साखर मोजा: लिटरभर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, शहाळ्याच्या ग्लासभर पाण्यातही ८-१० ग्रॅम साखर. जुलाब झाले तर ओआरएस घ्यायचंच, तिथे कार्ब मोजायचे नाहीत.

डोकेदुखी-चकरेचा हा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होऊन आठवडाभरात ओसरतो. दोन आठवडे उलटले तरी राहिला, किंवा छातीत धडधड थांबत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

पोट

बद्धकोष्ठाचा दोष पनीरवर येतो, पण ताटातून पोळी आणि डाळीबरोबर फायबरही गेलेलं असतं. दोन्ही जेवणांत भरलेली वाटीभर पालेभाजी किंवा फळभाजी हवी. ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत मेथी, पालक, मुळा, दोडका, पडवळ बारा महिने मिळतात आणि पावसाच्या सुरुवातीला फोडशी, टाकळा, भारंगीही येतात. एवढ्याने भागलं नाही तर रात्री मोठा चमचाभर इसबगोल, सोबत मोठा ग्लास पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोलच अडून बसतो.

उलट गॅस, गुडगुड, पातळ शौच होत असेल तर लॅक्टोज पचत नसण्याची शक्यता मोठी. सात दिवस दूध, दही, पनीर, व्हे पावडर (दुधाच्या प्रथिनांची पावडर) थांबवा, तूप चालू ठेवा. पोट शांत झालं तर तीन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक पदार्थ परत आणा: आधी मुरलेलं चीज, मग दही, मग पनीर, शेवटी दूध. दोन एकदम आणले तर कशाने बिघडलं ते कळत नाही.

महिन्याभराने वजन अडलं तर

पनीर तोलून घ्या. अंदाजाने कापलेला तुकडा बऱ्याचदा २०० ग्रॅमचा निघतो, म्हणजे ५०० ते ६०० कॅलरी. सकाळच्या कॉफीत तूप, संध्याकाळी चीज क्यूब, झोपताना बदाम, यांत कार्ब नगण्य असले तरी कॅलरी आहेत. दुधाचं फॅट एवढं वाढल्यावर काहींचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) चढतं, म्हणून लिपिड प्रोफाइल ही रक्ततपासणी सुरू करण्यापूर्वी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. वाढलेलं दिसलं तर लोणी, क्रीम, चीज कमी करून शेंगदाणा तेल, तीळ, अंडी वापरा. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा पनीरच्या जागी बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या मासळी बाजारातले बांगडे किंवा तारली आणा.