थंडीत घरातल्या वृद्धांना कसं जपावं

"थंडी वाजतेय का?" असं विचारलं की वडीलधारी माणसं हमखास "छे, कुठे!" म्हणतात. त्या उत्तरावर विसंबू नका. वय वाढतं तसा गारठा उशिरा जाणवतो, हुडहुडीही उशिरा भरते. स्नायू झडल्यामुळे अंगात ऊबही कमी तयार होते. निफाड-नाशिककडे पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा विचारण्यापेक्षा मोजलेलं बरं.

१. पलंगाच्या उंचीवर, खिडकीपासून लांब खोलीचं थर्मामीटर लावा. खोली १८ अंशांखाली जाऊ देऊ नका. दिवस मावळायच्या आत खिडक्या लावा. जमिनीवर झोपणाऱ्यांना पांघरुणाइतकंच अंथरूण जाड हवं.

२. पहाटे गोधडीतून एकदम उठू देऊ नका. दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसून स्वेटर, कानटोपी, मोजे घालावेत, मगच उभं राहावं. गारठ्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. फिरायला ऊन आल्यावरच जावं.

३. रक्तदाब सकाळी गोळीआधी मोजा. लघवी करून, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसावं. पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या पातळीवर. मिनिटभराने पुन्हा मोजून दोन्ही आकडे लिहा. हिवाळ्यात आकडे चढेच राहिले तर डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने वाढवू नका.

४. शेकायच्या पिशवीत उकळतं पाणी नको. दोनतृतीयांश भरा, हवा काढा, टॉवेलात गुंडाळा. अंथरूण उबलं की काढून घ्या. मधुमेहात पाय बधिर असतील तर चटका कळत नाही, सकाळी थेट फोड दिसतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच.

५. तहान लागत नाही म्हणून पाणी राहून जातं. कोमट पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तेवढंच.

माणूस गुंगीत वाटला, बोलणं जड झालं, तोल जाऊ लागला, तर कपड्यांखाली पोटाला हात लावून बघा. पोटही गार लागलं तर १०८ ला फोन करा. तोवर ओले कपडे बदला, छाती-पोट पांघरुणात गुंडाळा. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली (९५ फॅरनहाइट) म्हणजे धोका. तापाचं जुनं काचेचं थर्मामीटर साधारण तिथूनच सुरू होतं, त्याखालचं दाखवतच नाही. म्हणून घरात त्याहून खालचं मोजणारं डिजिटल ठेवा.