केळवण घरी करताय? या चुका टाळा

लग्नसराईत आमच्या नात्यात केळवणांची रांग लागते आणि दरवर्षी तीच चूक दिसते. पैसे बेताचे असले की लोक पदार्थ कमी करत नाहीत, सगळे पदार्थ थोडे थोडे करतात. मीही केली आहे ही चूक. भाचीच्या केळवणाला पंधरा माणसं होती. पनीर, दोन कोशिंबिरी, कटलेट, पुऱ्या, गुलाबजाम, सगळा थाट मांडला. पनीर मात्र किलोभरच. पुरुषांची पंगत उठली तेव्हा पातेल्याच्या तळाशी नुसता रस्सा उरला होता. भाचीने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "मामी, मला वरणभातच आवडतो." जिचं केळवण, तीच वरणभातावर उठली. अजून बोचतं ते. आता नवरी-नवरा पहिल्याच पंगतीला बसतात.

आणि बेत एकच: मसालेभात, मठ्ठा, जिलबी. पंधरा जणांना दीड किलो कोलम, किलोभर तोंडली, किलोभर दह्यात दोन-अडीच लिटर पाणी घालून मठ्ठा. आग्रह करताना हात आखडत नाही.

मसालेभात बिघडतो तो घाईने. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळू द्या, मग मसाल्यात चांगला परता. पाणी दुप्पट आणि उकळतंच हवं. गार पाणी ओतून गॅस मोठा करणाऱ्यांचा भात खाली लागतो, वर कच्चा राहतो, आणि दोष जातो तांदळाला. एवढा भात कुकरमध्ये कोंबू नका, गिचका होतो. पाणी आटलं की पातेल्याखाली जाड तवा सरकवायचा, आच बारीक, वर घट्ट झाकण. पंधरा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. दर दोन मिनिटांनी डाव घालणाऱ्यांना मी स्वयंपाकघरातून बाहेर काढते. गोडा मसाला ताजा असेल तर काजूंवाचून अडत नाही. ओलं खोबरं-कोथिंबीर मात्र हवीच, वरून तूपही.

जिलबी आदल्या दिवशी आणू नका, मऊ पडते.

कागदी ताटं विकत घेऊ नका, शेजारून स्टीलची मागा. कोणी नाही म्हणत नाही.

भारी साडीच्या नादात जेवणाला कात्री लावू नका. ओटीला खण, नारळ, तांदूळ पुरतात.