एकच डिकॉक्शन, ज्याची त्याची कॉफी

आमच्या घरी वेंगुर्ल्याला सकाळी पाच माणसं कॉफी पितात आणि पाचही जण वेगळी पितात. सासऱ्यांना कडक लागते, दूध रंगापुरतं. सासूबाईंना भरपूर दुधाची, जायफळ घातलेली. नवऱ्याला बिनसाखरेची, मुलीला गार, मला कोरी आणि गुळाची. गणपतीत चाकरमानी आले की फेसाची कॉफी मागणारे वाढतात. यासाठी पाच भांडी चुलीवर चढवायची गरज नाही. रात्री एकदा डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून थेंबथेंब गळणारा कॉफीचा दाट रस, नीट उतरलं की सकाळी दूध, गोडी आणि जायफळ एवढंच बघायचं असतं. ते उतरत नाही, हीच खरी अडचण आहे. विशेषतः जून ते सप्टेंबर, जेव्हा आपल्याकडे मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं.

मला फिल्टर आत्याने दिला. तिचं सासर कारवारचं, त्यामुळे तिच्याकडे चहाआधी कॉफी. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी: वरच्याच्या बुडाला बारीक भोकं, आत दांडीची चकती आणि वर झाकण. तिच्या हातून अर्ध्या तासात काळंभोर डिकॉक्शन खाली यायचं. माझ्याकडे पहिल्या पावसाळ्यात रात्री भरलेला फिल्टर सकाळी तसाच असायचा, वर गार पाणी आणि खाली दोन चमचे रस.

पूड

पाकिटावर कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचूनच घ्या. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यात कॅफिन नसतं, पण त्याने डिकॉक्शनला रंग आणि दाटपणा येतो. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते. आपल्या हवेत तेवढी चालत नाही. चिकोरी ओल पटकन धरते, तिचे खडे होतात आणि गरम पाणी पडलं की ती लापशीसारखी चिकटून भोकं बुजवते. पावसाळ्यात मी ८०:२० च्या पुढे जात नाही. उन्हाळ्यात ७०:३० खुशाल घ्या.

एका वेळी १०० किंवा २०० ग्रॅमच आणावी. स्वस्त पडते म्हणून किलोभर आणून ठेवू नये. फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला सगळे देतात, पण गार डबा जुलैच्या हवेत उघडला की काचेवर धरतं तसं पाणी पुडीवर धरतं. रोज उघडायचा डबा बाहेरच ठेवा, घट्ट झाकणाचा आणि भरलेला. फ्रिजमध्ये ठेवायचीच असेल तर लहान पुड्या करून, आणि बाहेर काढल्यावर पुडी घरच्या हवेइतकी होईपर्यंत उघडायची नाही.

ओलसर पूड तव्यावर शेकून घ्या, असंही सांगतात. कृपा करून शेकू नका. वास तव्यावरच उडून जातो आणि कपात कडूपणा राहतो. खडे झाले असतील तर कोरड्या चाळणीतून चाळा. वास गेला असेल तर ती पूड झाडांना घाला.

एक गैरसमज वरचेवर ऐकू येतो: दमट हवेने कॉफी चांगली होते, मलबारची मॉन्सून कॉफी नाही का! ती गोष्ट कच्च्या बियांची आहे. शिडाच्या जहाजांतून मलबार किनाऱ्यावरून युरोपला जाताना कॉफीच्या बिया महिनोन्महिने समुद्राची ओल पिऊन फुगत, फिकट होत आणि त्यांची आंबट चव उतरत असे. पुढे प्रवास लवकर होऊ लागला तेव्हा तीच चव मिळावी म्हणून किनाऱ्यावरच्या गोदामांत बिया मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर पसरू लागले. त्या बिया नंतर भाजायच्या असतात. भाजून दळलेल्या पुडीला तोच वारा लागला तर ती मरते.

फिल्टर भरणे

चार कपांसाठी पूड ४० ग्रॅम, पाणी २०० मिली. पूड स्वतःच्या वजनाच्या दुपटीएवढं पाणी धरून ठेवते, म्हणून खाली साधारण १२० मिली येतं. त्यापेक्षा जास्त मिळवायला वरून पाणी ओतत राहू नका.

मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, तेव्हा कॉफीपुरतं तरी गोडं पाणी आणा.

आता जिथे माझी दोन वर्षं गेली ती जागा. फिल्टर अडतो तेव्हा प्रत्येक जण पुडीला दोष देतो. मीही दिला. दळण बदललं, पाकीट बदललं, चकती कधी दाबून बसवली, कधी काढूनच टाकली. गणपतीतल्या एका रात्री भजनाला माणसं बसलेली, कॉफी कबूल केलेली, आणि आठ वाजता भरलेला फिल्टर दहा वाजताही थेंब सोडेना. मी घाईने चकती आणखी दाबली. मग कोणीतरी म्हणालं, खालचं भांडं जरा गॅसवर धरा. धरलं, तर वरचं पाणी बुडबुडे घेऊन उसळलं आणि पूड सगळीकडे उडाली. माणसांना शेवटी चहा दिला. आत्याने शिकवलेलं आपल्याकडून होत नाही याचं फार वाईट वाटलं.

कारण सापडलं ते नंतर एका संध्याकाळी. खाली काय आलंय बघायला वरचं भांडं उचललं, तर फुस्स असा आवाज झाला आणि थेंबांची धार लागली. परत बसवलं, धार थांबली. पुन्हा उचललं, पुन्हा सुरू. अडत होती ती हवा.

खालच्या भांड्यात हवा असते. वरून थेंब यायचे तर तेवढी हवा बाहेर जायला हवी. शिवाय गरम थेंबांनी ती तापते, फुगते आणि भोकांना खालून रेटते. दोन भांडी जिथे एकमेकांत बसतात तिथे कोरड्या दिवसांत केसभर फट असते, तिथून हवा निघून जाते. पावसाळ्यात धुतलेला फिल्टर वाळत नाही. काठावर पाण्याचा पातळ थर राहतो आणि तो फट लाखेसारखी बंद करतो. आत्याचा फिल्टर चालायचा कारण तो कायम तिच्या चुलीच्या कडेला, उबेला असायचा. ती तो तिथे का ठेवते हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. दोन्ही भांड्यांचे काठ आणि वरच्याचं बूड कोरड्या फडक्याने पुसायचं. भोकं उजेडासमोर धरून बघायची, बुजलेलं भोक टाचणीने मोकळं करायचं. स्टीलचा फिल्टर असेल तर वरचं रिकामं भांडं काही सेकंद आचेवर धरून वाळवलं तरी चालतं. पितळी आणि आतून कल्हई केलेला असेल तर हे करू नका, कल्हई २३२ अंशांनाच वितळते.

पूड घालून भांड्याच्या कडेवर बोटाने दोन टिचक्या मारायच्या, म्हणजे ती सपाट बसते. मग चकती टेकवायची. टेकवायची म्हणते आहे, दाबायची नाही. चिकोरीची पूड ओली झाली की आपणच फुगते आणि दाबलेली असेल तर तिचा गिलावा होतो. फक्त निव्वळ कॉफी वापरत असाल तर चकती हलकी दाबावी, नाहीतर पाणी पाच-सात मिनिटांत निसटून जातं आणि रस पाणचट होतो.

पाणी उकळल्यावर गॅस बंद करून मिनिटभर थांबा. आधी दोन-तीन चमचेच घाला, सगळी पूड भिजेल इतकं, आणि अर्धा मिनिट जाऊ द्या. ताजी पूड इथे फुगून बुडबुडे सोडते, तो वायू आधी निघाला की पाणी सारखं उतरतं. मग उरलेलं पाणी चकतीवर, गोल फिरवत, सावकाश. एका वेळी मावत नसेल तर दोनदा.

आणि आता नेमकी गोष्ट: वरचं भांडं बसवताना काठात झावळीच्या हिराचा बोटभर तुकडा धुऊन, पुसून आडवा ठेवा. त्याने काडीएवढी फट राहते आणि हवा निघत राहते. हीर नसेल तर पहिल्या पाच मिनिटांत वरचं भांडं दोन-तीनदा किंचित उचलून ठेवा. वरचं झाकणही सैलच हवं, ते घट्ट बसलं तर वरून हवा आत येत नाही आणि रडगाणं तेच.

पहिला थेंब एक-दोन मिनिटांत पडायला हवा, सगळं उतरायला अर्धा-पाऊण तास. या वेळात फिल्टर आपटू नका, पूड आणखी बसते. चमच्याने ढवळू नका, पाणी एका वाटेने पळून जातं.

भजनाला तीसेक माणसं असतील तर फिल्टरचा नाद सोडा. पातेल्यात ३०० ग्रॅम पूड, वर दीड लिटर गरम पाणी, झाकून दहा मिनिटं, मग मलमलीच्या ओल्या फडक्यातून गाळायचं. फडकं पिळायचं नाही, गाळ उतरतो. ९०० मिली मिळतं, माणशी ३० मिली बरोबर पुरतं. रात्र जागवायची असेल तर रोबस्टा जातीची कॉफी जास्त असलेली पूड घ्या, रोबस्टात अरेबिका जातीच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं. म्हाताऱ्या माणसांना मात्र अर्धा कपच द्या.

दूध

सायीचं, पाणी न घातलेलं, एकदाच उकळलेलं. कपाला ३० मिली डिकॉक्शनवर १०० मिली कडकडीत दूध. डिकॉक्शन गॅसवर तापवायचं नाही, जळकं लागतं. गार वाटत असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा.

ज्याची त्याची

सासऱ्यांचं सोपं: डिकॉक्शन दुप्पट, दूध निम्मं. फेस हवा असणाऱ्यांना दोन पेल्यांतून उंचावरून चार वेळा खाली-वर करून द्या, त्यासाठी यंत्र लागत नाही. गार कॉफीत साखर डिकॉक्शन कोमट असतानाच विरघळवा, थंड दुधात ती तळाशीच बसते.

गूळ मात्र जपून. उकळत्या दुधात टाकला की दूध फाटलंच म्हणून समजा. कोरी कॉफी असेल तर डिकॉक्शनच्या तिप्पट गरम पाणी घालून त्यात गूळ विरघळवावा. दुधाचीच हवी असेल तर कपात सगळं एकत्र करून, वाफ जरा बसल्यावर, किसलेला गूळ शेवटी.

सासूबाई म्हणतात, ‘‘माका जायफळाशिवाय कॉफी उतरणा नाय.’’ आपल्या मुलखात कॉफी म्हणजे जायफळ, हे मलाही मान्य आहे. माडा-पोफळीच्या सावलीत जायफळाचं झाड चांगलं येतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ ही त्याची जातही काढली आहे. तरीही घरोघरी तयार पूड वापरतात आणि मग जायफळाला चव नाही म्हणतात. अख्खं जायफळ कवचासकट ठेवा, पावसाळ्यात फोडलेल्याला बुरशी लागते. वाळलेलं असेल तर हलवल्यावर आत खुळखुळतं. वापरायच्या वेळी फोडून, बाळगुटीच्या सहाणेवर चमचाभर दुधात उगाळायचं, कपाला दोन वेढे. तो लेप तापलेल्या दुधात घालून एक वाफ आणायची. फिल्टरमध्ये पुडीबरोबर जायफळ घालू नका, त्याच्या तेलकट भुकटीने भोकं पुन्हा बुजतात. आणि दोन वेढ्यांचे दहा करू नका. जास्त जायफळाने मळमळतं, गरगरतं, ती गुंगी चांगली नव्हे.

दूध न चालणारे पाहुणे आले तर नारळाचा रस. सोलकढीला काढतो तसा, पण पहिला घट्ट रसच घ्या. तो वेगळा कोमट करायचा, उकळी दिसता कामा नये. आधी गूळ, मग गरम डिकॉक्शन बारीक धारेने, ढवळत. लगेच प्यायला द्यायची, ठेवली की फुटते.

उरलेलं डिकॉक्शन झाकून फ्रिजमध्ये एक दिवस टिकतं. चोथा अबोलीच्या मुळाशी घाला. फिल्टर साबणाशिवाय गरम पाण्याने धुवा आणि दोन्ही भांडी वेगवेगळी, पालथी, गॅसच्या शेगडीजवळ ठेवा. ओली असताना एकात एक घालून फडताळात ठेवलीत, तर उद्या रात्री पुन्हा थेंब अडलेला दिसेल.