जगाच्या इतिहासाला प्रश्न विचारताना या चुका टाळा

कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर चार हौशी डोकी जमली की विषय गल्लीतल्या राजकारणावरून थेट रोमपर्यंत जातो. नेपोलियन बुटका होता म्हणून तापट होता का? एवढं मोठं रोमन साम्राज्य बुडालंच कसं? असे प्रश्न विचारणाऱ्याला हसणारे लोक मला आवडत नाहीत. कुतूहल खरं असतं, पण बऱ्याचदा प्रश्नाच्या पोटातच चुकीची माहिती दडलेली असते. उत्तर देणाराही ती तपासत नाही आणि मग तासभर वाद घालून हाती काही लागत नाही. अशा वेळी उत्तर शोधणं थांबवून प्रश्नच दुरुस्त करायचा.

‘का झालं’च्या आधी ‘झालं का’

“पृथ्वी सपाट आहे असं सगळे मानत असताना कोलंबस निघालाच कसा?” हा प्रश्न दर पिढीत नव्याने जन्माला येतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात इरॅटोस्थेनिसने सावल्यांच्या कोनावरून पृथ्वीचा परीघ काढला होता. १४९२ साली युरोपातल्या शिकलेल्या माणसाला पृथ्वी गोल आहे हे पक्कं ठाऊक होतं. वाद होता तो आकारमानाचा. कोलंबसाने पृथ्वी लहान धरली आणि आशिया आहे त्याहून बराच जवळ मानला. विरोध करणाऱ्या जाणकारांचा हिशोब बरोबर होता, कोलंबसाचा चुकीचा होता. वाटेत अमेरिका आडवी आली म्हणून तो वाचला. आता विचारा: एवढा चुकीचा हिशोब घेऊन आलेल्या माणसाला स्पेनच्या राणीने पैसे का दिले? या प्रश्नातून पोर्तुगालशी असलेली चुरस आणि मसाल्याचा व्यापार दोन्ही बाहेर येतात.

नेपोलियनचंही तसंच. त्याची नोंदलेली उंची ५ फूट २ इंच खरी, पण ती फ्रेंच मापाची. फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा होता. आजच्या हिशोबाने ती १६८ ते १७० सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच माणसाच्या मानाने काहीच कमी नाही. बुटका नेपोलियन लोकांच्या मनात बसवला तो इंग्रज व्यंगचित्रकारांनी.

आजचा नकाशा मागे नेऊ नका

ही चूक आपल्याकडे सर्रास होते, आणि तीही पन्हाळ्यावर उभं राहून. “सिद्दी जौहरच्या वेढ्यात ब्रिटिश सरकारने शिवाजी महाराजांच्या विरोधात तोफा का दिल्या?” १६६० च्या त्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन आले होते, हे खरं. पण ते सरकार नव्हतं, ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी होते. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परत येत होता. त्याच्या बापाचं शिर १६४९ साली उडवल्यापासून इंग्लंडला राजाच नव्हता. मुंबई तेव्हा पोर्तुगिजांकडे होती. ती इंग्लंडच्या राजाला मिळाली १६६१ च्या लग्नाच्या तहात, आणि कंपनीकडे आली १६६८ साली. ‘ग्रेट ब्रिटन’ नावाचं राज्य तर १७०७ साली बनलं.

मग प्रश्न असा बसवा: राजापूरच्या मूठभर व्यापाऱ्यांना आदिलशाहीला मदत करून काय मिळवायचं होतं? हा प्रश्न हाताळता येतो. त्याचं पुढचं टोकही लगेच सापडतं: १६६१ साली महाराजांनी राजापुरावर धाड घातली आणि त्या इंग्रजांना कैदेत टाकलं.

असं सालाला साल जोडून पाहायची सवय मोठी फायद्याची आहे. महाराज आग्र्याहून निसटले त्याच १६६६ साली लंडन आगीत जळालं. एका साली जगात काय काय चाललं होतं हे वहीत शेजारी शेजारी लिहून पाहा, निम्मे भलते प्रश्न आपोआप गळून पडतात.

तारखा जुळत नसतील तर

तिथी की तारीख, हा शिवजयंतीचा वाद कोल्हापूरकराला नवा नाही. पण १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची आहे, हे कमी जणांना माहीत असतं. आजच्या ग्रेगोरियन पंचांगाने तो दिवस १ मार्च येतो. युरोपातही सगळे एकाच वेळी बदलले नाहीत. इटली, स्पेन १५८२ साली बदलले, इंग्लंड १७५२ साली, रशिया १९१८ साली. म्हणून रशियाची ‘ऑक्टोबर क्रांती’ आपल्या हिशोबाने ७ नोव्हेंबर १९१७ ला झाली.

यातूनच एक गोड गैरसमज तयार झालाय: गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला. गॅलिलिओची तारीख ८ जानेवारी १६४२, नव्या पंचांगाची. न्यूटनची २५ डिसेंबर १६४२, जुन्या पंचांगाची. दोन्ही नव्यात घातल्या तर न्यूटन ४ जानेवारी १६४३ चा ठरतो. दोन्ही जुन्यात घातल्या तर गॅलिलिओ १६४१ सालीच जातो. कसंही करा, वर्ष एक येत नाही.

जगाचा इतिहास कुठेतरी लांब घडला असं समजू नका

टाऊन हॉलच्या संग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात ती १९४० च्या दशकात सापडली. ती पाहून ठरलेला प्रश्न येतो: “म्हणजे रोमन लोक कोल्हापुरात राहत होते?” वस्तू पोचली म्हणून तिला बनवणारा माणूसही पोचला असं होत नाही. भूमध्य समुद्राकडचा माल अरबी समुद्र ओलांडून सोपारा, कल्याण, चौल अशा बंदरांत उतरायचा आणि घाट चढून सातवाहनांच्या मुलखात यायचा. वाटेत किती हात बदलले असतील कोण जाणे. ही मूर्ती विकत घेणारा तिला देव समजत होता की शोभेची वस्तू, हा प्रश्न मला जास्त रंगतदार वाटतो.

या व्यापाराचा आकडा सांगताना लोक प्लिनी या रोमन लेखकाचा दाखला देतात: भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. आकडा त्याने लिहिलाय खरा, पण प्लिनी श्रीमंतांच्या चैनीवर चिडलेला माणूस होता. चिडलेल्या माणसाचा आकडा जमाखर्चाची वही समजून वापरू नये.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं उदाहरण तर घरचंच. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. “हिटलरच्या तावडीतून सुटून आलेले ज्यू ना ते?” असं आजही विचारतात. यात दोन चुका आहेत. यातले बहुतेक लोक कॅथलिक होते, आणि त्यांना घराबाहेर काढलं ते स्टालिनच्या राजवटीने. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आला. पूर्व भागातल्या कुटुंबांना १९४० आणि ४१ मध्ये सैबेरिया, कझाकस्तानकडे पाठवलं गेलं. सुटका झाल्यावर ती इराणमार्गे भारतात आली. वळिवडे आणि जामनगरजवळचं बालाचडी यांचीही गल्लत करू नका. बालाचडीची छावणी मुलांची होती, वळिवड्यात अख्खी वस्ती होती.

आणि कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी ते फ्लॉरेन्समध्ये वारले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. १८७४ साली तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभा राहिला आणि जवळच्या पुलाला आजही ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. इथे लोक “इटली सरकारने दहनाला परवानगी कशी दिली?” एवढ्यावर थांबतात. पुढे जा. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होतं. रोम सप्टेंबरात नुकतंच हाती आलं होतं आणि राजधानी अजून हलली नव्हती. १९ सप्टेंबरपासून पॅरिसला प्रशिया या जर्मन राज्याच्या फौजांचा वेढा पडला होता. लंडनहून मुंबईकडे निघालेल्या प्रवाशाचे रस्ते या फ्रान्स-प्रशिया युद्धाने किती बदलले, हे विचारा. सुएझ कालवा उघडून जेमतेम वर्ष झालं होतं, त्याचाही हिशोब घ्या. एका कोल्हापूरकराच्या मृत्यूतून अख्खं १८७० साल समोर येतं.

एकच कारण मागू नका

रोमबद्दल थोडक्यात. “रोम का पडलं?” असं विचारलंत तर शिसाच्या नळांपासून रानटी टोळ्यांपर्यंत हवं ते कारण मिळेल. आधी कुठलं रोम ते ठरवा. ४७६ साली पश्चिमेकडचा सम्राट गादीवरून गेला. पूर्वेकडचं साम्राज्य कॉन्स्टँटिनोपलमध्ये १४५३ पर्यंत उभं होतं आणि तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणवत होते. जे कारण पश्चिमेला लावाल ते पूर्वेला का लागू पडलं नाही, एवढी एक चाचणी लावली तरी निम्मी कारणं गळतात.

‘जर-तर’ला वेसण घाला

“हिटलरने रशियावर हल्ला केलाच नसता तर?” असे प्रश्न विचारूच नयेत, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदला आणि जिथवर कागदपत्रं सोबत येतात तिथवरच चाला. २२ जून १९४१ चा हल्ला झाला नसता, तर स्टालिनला पोलिश सरकारशी जुळवून घ्यायची गरज पडली नसती. त्या दोघांतला ३० जुलैचा करार झाला नसता, हद्दपार पोलिश कुटुंबं सुटली नसती, आणि वळिवड्यातली ती छावणी बहुधा उभीच राहिली नसती. इथवर प्रत्येक पायरीला कागदाचा आधार आहे. त्यापुढे “मग भारताला स्वातंत्र्य कधी मिळालं असतं?” अशी उडी मारायची असेल तर खुशाल मारा, पण त्या कट्ट्यावरच्या गप्पा आहेत एवढं आधी जाहीर करा.