वडोदऱ्याच्या घरात कॉर्कची जमीन घालताना

आपल्याकडे चपला दाराबाहेर राहतात आणि घरातला सगळा वावर अनवाणी होतो, त्यामुळे कोटा किंवा व्हिट्रिफाइड टाइल्सचा कठीणपणा आणि जानेवारीतला त्यांचा गारठा थेट टाचांना व गुडघ्यांना जाणवतो. ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणाऱ्यांना तर तो अधिकच सोसावा लागतो.

कॉर्क म्हणजे भूमध्य सागराच्या परिसरात वाढणाऱ्या एका ओक वृक्षाची साल. झाड न तोडता ती साधारण दर ९ वर्षांनी सोलून काढतात. तिच्यात हवा भरलेल्या असंख्य सूक्ष्म, बंद पेशी असल्यामुळे ती पावलाखाली किंचित दबून पुन्हा वर येते, पायांची ऊब चटकन ओढून घेत नाही आणि खुर्ची सरकवल्याचा किंवा भांडे पडल्याचा आवाजही बराच शोषून घेते. सांधेदुखी तिने बरी होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. उभे राहण्याचा शीण मात्र हलका होतो. शिवाय गालिच्याप्रमाणे तिच्यात धूळ रुतून बसत नाही, म्हणून धुळीचा त्रास असलेल्यांना ती अधिक सोयीची पडते.

मात्र हे सारे जमिनीखालच्या ओलीवर अवलंबून आहे, कारण ओल कोंडली की बुरशी धरते आणि तिचा त्रास श्वासाला होतो. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांच्या तळमजल्यावर ही तपासणी मुळीच टाळू नये. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने फरशीवर घट्ट बसवावा आणि किमान १६ तासांनी उचलावा. खाली दवाचे थेंब किंवा काळसर डाग दिसल्यास ओलीचे कारण सापडेपर्यंत काम थांबवावे. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी ज्या घरांत शिरले, तिथे तळमजल्यावर कॉर्क घालूच नये, असे माझे ठाम मत आहे.

काम पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर काढावे. खोकी उघडून कॉर्क ४८ तास त्याच खोलीत ठेवावा, म्हणजे तो तिथल्या हवेला सरावतो. डिंक पाण्यावर आधारित आणि कमी वासाचा निवडावा, फॉर्मल्डिहाइड या डोळ्यांना झोंबणाऱ्या रसायनाविषयी विक्रेत्याकडून लेखी माहिती घ्यावी आणि काम झाल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात, नाहीतर आरोग्यासाठी घातलेली जमीनच डोळे चुरचुरायला लावते.

पुढे रोज बादलीभर पाण्याने पुसण्याची सवय सोडून घट्ट पिळलेले फडके फिरवावे, सांडलेले पाणी लगेच टिपावे आणि कपाटाच्या पायांखाली फेल्टचे तुकडे लावावेत. खर्च बेताचा ठेवायचा असल्यास आधी आजी-आजोबांच्या खोलीतच कॉर्क घालावा.