एस्त्रेमादुरा बघायचं तर आधी झाडं बघा

स्पेनमधे पोर्तुगालला चिकटून असलेला एस्त्रेमादुरा प्रांत बघायचा असेल तर पहिलं काम म्हणजे गाडी भाड्याने घ्या, कारण खेड्यांमधून बस कमी आणि खरी गंमत दोन गावांच्या मधल्या रस्त्यावरच आहे. एप्रिल-मे मधे जा, जुलै-ऑगस्टला पारा ४० च्या वर जातो, तेव्हा नकोच.

माद्रिदहून ए-५ हायवेने येताना मधेच एखाद्या छोट्या रस्त्याला वळा आणि थांबा. लांब लांब उभे ओक आणि खाली गवत, ह्याला तिकडे देएसा म्हणतात. जंगल वाटतं खरं, पण माणसांनी शतकानुशतकं झाडं विरळ करत, छाटत घडवलेलं हे कुरण आहे, मेंढ्या-गुरं चरतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर ओकची फळं पडली की ती खाऊन काळी इबेरियन डुकरं माजतात, त्यांच्याच मांडीचा तो प्रसिद्ध हामोन, म्हणजे मीठ लावून वाळवलेलं मांस. एखादं खोड खालून सोलल्यासारखं, विटकरी दिसलं तर जवळ जाऊन बघा. तो कॉर्क ओक, साधारण ९ वर्षांनी उन्हाळ्यात कुऱ्हाडीने त्याची साल अख्खीच्या अख्खी उतरवतात, बुचं त्याचीच, आणि झाड मरत नाही, परत साल धरतं!

हे बघितलं की मगच त्रुहियो गावाला जा. पेरू जिंकणारा फ्रान्सिस्को पिसारो इथला, मेक्सिको जिंकणारा कोर्तेस जवळच्याच मेदेयीनचा. जमीन मूठभर लोकांच्या हातात, बाकीच्यांना काय, म्हणून पोरं समुद्रापार गेली असं मला तरी वाटतं. चौकातल्या पिसारोंच्या वाड्याचा कोपरा नीट बघा, दगडात चेहरे कोरलेत, त्यात पिसारोबरोबर पेरूच्या इंका राजघराण्यातली बाई आणि त्यांची मुलगी फ्रान्सिस्का पण आहे. मला तिथून लवकर हलवेना, लुटीचा सगळा इतिहास एका घराच्या भिंतीवर.

मेरिदाला अख्खा दिवस ठेवा. ख्रिस्तपूर्व २५ मधे सम्राट ऑगस्टसने निवृत्त सैनिकांसाठी वसवलेलं गाव, रोमन थिएटरमधे आजही उन्हाळ्यात नाटकं होतात. संध्याकाळी ग्वादियाना नदीवरच्या रोमन पुलावरून चालत जा, घाई करू नका.

वेळ उरला तर उत्तरेला ‘ला व्हेरा’ नावाचा भाग आहे, तिथे अमेरिकेतून आलेल्या मिरच्या ओकच्या धुरावर दहा-पंधरा दिवस वाळवतात, रोज हाताने उलटून. पिमेन्तोनचा, म्हणजे ह्याच मिरच्यांच्या पुडीचा, एक लाल डबा घ्याच, पण गोड, तिखट की मधला ते लेबलवर बघून घ्या.