वारली भिंत रंगवायला घेताय? आधी चौकाचं ऐका

प्रायमर, पुट्टी, परांची हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार. एवढंच सांगतो, भिंतीच्या मागे मातीचा भराव असेल तर ते काम सोडा. लोणा (ओलीनं वर येणारा खार) फुटतो आणि एका पावसाळ्यात भिंतीवरच्या मोराला खरूज झाल्यासारखं दिसतं.

मी फसलो ते वेगळ्याच ठिकाणी. डहाणूकडच्या एका शाळेची कुंपणभिंत होती, साठ फूट. गेरूवर मोर, ताडाची झाडं, तारपा नाच, एका टोकाला बिबट्या. मधे जागा उरली म्हणून मोबाइलवरचा फोटो बघून चौक, म्हणजे चौकोनी नक्षी, काढला, आत पालघट देवी. माझ्या मते भिंतीवरचं सगळ्यात भारी काम तेच. दुसऱ्या दिवशी नातवाला न्यायला आलेली एक आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "लगीन कोनाचा?"

मी हसलो. ती हसली नाही.

चौक लग्नघरात काढतात, तांदळाच्या पिठानं, सवाशिणींच्या हातानं. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, देवीला बोलावते. त्याशिवाय लग्न लागत नाही. आणि मी लग्नाचा पत्ता नसताना देवीला रस्त्यावर आणून बसवलं होतं, जिथे येणारे-जाणारे पानाच्या पिचकाऱ्या मारतात! पुन्हा सांगतो, कारण माझ्या डोक्यात शिरायला पूर्ण दिवस गेला: जनावरं, शेती, नाच खुशाल काढा, चौक नाही. चौकोनी नक्षी छान दिसते, मधली जागा भरते, म्हणूनच हात तिकडे वळतो. "जिव्या सोमा म्हसेंनी 1970च्या दशकात ही चित्रं कागदावर आणलीच की," असा वाद मीही मनात घातला. पण ते गंजाडचे, वारली. मी दादरचा.

पांढरा चौक झाकायला गेरूचे तीन हात लागले. नाचणाऱ्यांची तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ झाली होती, तेही आजीनंच दाखवलं. ते तासाभरात सुधारलं.

घाबरून काम सोडू नका. त्रिकोण-गोलांवर हात आठवड्यात बसतो. दोन दिवसांच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट मात्र घरीच ठेवा. स्टेन्सिल तर नकोच, सगळी माणसं एकाच साच्यातली होतात. त्यापेक्षा पाड्यावरच्या चित्रकाराला जोडीला घ्या आणि पैसे निम्मे-निम्मे करा, हजेरीवर नाही. या कलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी माझ्या पहिल्या कामाच्या इस्टिमेटमध्ये वारली चित्रकार 'मदतनीस' होता आणि मी 'आर्टिस्ट'. सही मीच केली होती.

बिबट्या दात विचकलेला हवा, असं गिऱ्हाईक हमखास म्हणतं. नाही म्हणा. पाड्यावर त्याला वाघच म्हणतात आणि वाघबारशीला वाघोबा म्हणून पूजतात. माझा शांत बसलेला बघून आजी एवढंच म्हणाली, "यो बरा."

झाकलेला चौकोन तिरप्या उन्हात अजून दिसतो. पोरांनी त्यावर खडूनं स्टंप काढलेत.